दुकानाने गाणं कापावं का?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: मुलगा बारा वर्षांचा आहे, तुम्ही टेक्ससमध्ये राहता, त्याला रॅप आवडतं आणि त्यातले शब्द कानावर पडले की तुमचा जीव वर-खाली होतो. पूर्वी वॉलमार्टमध्ये, म्हणजे त्या अवाढव्य साखळी दुकानांत, शिव्यांची सीडी मिळतच नसे, असं शेजारणीने सांगितलं. मग ती पद्धत चांगलीच नव्हती का, आणि इतकी माणसं तिच्यावर चिडली का होती?

मी न्यू जर्सीतल्या एका मास्टरिंग स्टुडिओत, म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यांवर शेवटचा हात फिरवतात तिथे, अनेक वर्षं ध्वनिसंपादन केलं. त्यातला मोठा भाग म्हणजे अशा दुकानांसाठी लागणाऱ्या 'क्लीन', म्हणजे शिव्या काढून टाकलेल्या, आवृत्त्या बनवणं. त्यामुळे आधी माझं मत सांगते, मग कारणं.

आपल्या दुकानात काय ठेवायचं आणि काय नाही हे दुकानदाराने ठरवावं, तो त्याचा हक्क आहे. पण कापलेलं गाणं अख्खं म्हणून विकायचा हक्क कोणालाच नाही. आणि शिवी काढली की गाणं मुलांना ऐकण्याजोगं झालं, ही समजूत शिवीपेक्षा जास्त नुकसान करते.

या प्रकरणाची सुरुवात तुमच्यासारख्याच एका आईपासून झाली. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी अकरा वर्षांच्या मुलीसाठी गायक प्रिन्सचा 'पर्पल रेन' हा आल्बम आणला आणि घरी त्यातलं 'डार्लिंग निकी' हे लैंगिक वर्णनाचं गाणं ऐकून त्या हादरल्या. १९८५ मध्ये त्यांनी अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सूझन बेकर आणि इतर काही जणींबरोबर 'पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर' काढलं. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे सुनावणी झाली. विरोधात बोलायला संगीतकार फ्रँक झापा, 'ट्विस्टेड सिस्टर' या रॉक गटाचा डी स्नायडर आणि साध्या-सोज्वळ गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेला जॉन डेन्व्हर असे तिघे आले. डेन्व्हरची साक्ष मला सगळ्यांत मोलाची वाटते. डोंगरातल्या निखळ आनंदावरचं त्याचं 'रॉकी माउंटन हाय' काही रेडिओ केंद्रांनी अंमली पदार्थांचं गाणं समजून वाजवणं बंद केलं होतं, हे त्याने तिथे सांगितलं. शब्द पाहून गाणं पारखणाऱ्या माणसाला गाणं ऐकूच येत नाही, हे त्या एका उदाहरणातून दिसतं.

त्या बायकांची चेष्टा करणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. मला ते आवडले नाहीत. मुलाच्या हातात काय पडतंय हे आईला आधी कळावं, ही मागणी पूर्णपणे रास्त होती. त्यांच्या यादीत एक मागणी अशीही होती की गाण्याचे शब्द वेष्टनावरच छापावेत. माझ्या मते त्या सगळ्या यादीतली ती सर्वांत शहाणी मागणी. शब्द समोर असले तर आई-वडील दुकानात उभं राहून वाचतील आणि स्वतः ठरवतील. नोव्हेंबर १९८५ मध्ये ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेशी, म्हणजे 'आरआयएए'शी, जी तडजोड झाली तिच्यात एकतर पालकांसाठी इशारा छापा किंवा शब्द छापा अशी मुभा होती. पण शब्दांचे हक्क बहुधा दुसऱ्याच प्रकाशन कंपन्यांकडे असतात, शिवाय छपाईला जागा लागते. इशारा छापणं स्वस्त आणि सोपं. १९९० पासून तो सगळीकडे एकसारखा, काळ्या-पांढऱ्या चौकटीत दिसू लागला आणि शब्द छापण्याची गोष्ट मागे पडली.

इथवर सरकारने काहीच बंद केलेलं नव्हतं. चौकट कुठल्या आल्बमवर लावायची हे कंपनी स्वतः ठरवत होती आणि आजही तीच ठरवते. हेतू एवढाच की पालकांना कळावं. वॉलमार्टने मात्र धोरण केलं की ही चौकट असलेला आल्बम आमच्या दुकानात येणारच नाही. माहिती देणाऱ्या खुणेचं रूपांतर असं दाराच्या कडीत झालं.

न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्याला याने काही फरक पडत नव्हता. पलीकडच्या चौकात दुसरं दुकान होतं. पण आर्कान्सा, ओक्लाहोमा, टेक्ससच्या छोट्या गावांत रेकॉर्डचं दुकान बंद पडलेलं असायचं आणि पंचवीस-तीस मैलांत सीडी मिळायची जागा म्हणजे वॉलमार्ट. शिवाय वॉलमार्टमधला सीडीचा विभाग बराचसा बाहेरचे घाऊक पुरवठादार सांभाळत. मिशिगनची 'हँडलमन' आणि टेक्ससची 'अँडरसन मर्चंडायझर्स' ही त्यातली मोठी नावं. त्यांच्या खरेदीदाराने 'नको' म्हटलं की एका वेळी देशभरातल्या दुकानांतून तो आल्बम गायब. दोन हजारच्या दशकात वॉलमार्ट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा संगीतविक्रेता होता. २००८ मध्ये आयट्यून्सने त्याला मागे टाकलं. एवढ्या गिऱ्हाइकाला कोणती कंपनी नाही म्हणेल? म्हणून कात्री दुकानात चालायचीच नाही, ती आमच्या स्टुडिओत चालायची. आणि त्याच्याही आधी, गाणं लिहिणाऱ्याच्या डोक्यात चालायची. लोक चिडले ते यामुळे. दुकानाने एखादी वस्तू ठेवली नाही यावर कोणी एवढं चिडत नाही.

'निर्वाणा' या रॉक गटाचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये त्यांचा 'इन युटेरो' आला तेव्हा वॉलमार्ट आणि केमार्टने तो ठेवला नाही. मागच्या वेष्टनावरचं चित्र आणि 'रेप मी' हे गाण्याचं नाव त्यांना नको होतं. १९९४ मध्ये चित्र सौम्य केलेली, नाव 'वेफ मी' असं छापलेली आवृत्ती निघाली आणि ती दुकानांत आली. गाणं मात्र तेच होतं, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ते गाणं बलात्काराविरुद्ध आहे, असं गटाचा गायक कर्ट कोबेन स्वतः सांगत असे. तपासणी करणाऱ्यांनी वेष्टन तपासलं आणि सीडी आत जाऊ दिली. कोबेन वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीन या लहान गावचा. अशा गावातल्या मुलांना दुसरं दुकान नसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ती तडजोड मान्य केली, असं त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितलेलं आहे.

१९९६ चं गायिका शेरिल क्रोचं प्रकरण याहून वेगळं आणि माझ्या मते जास्त गंभीर. तिच्या आल्बममधल्या एका गाण्यात मुलं एकमेकांना वॉलमार्टमधून घेतलेल्या बंदुकीने मारतात, अशा अर्थाची ओळ होती. त्यात शिवी नव्हती, शरीरसंबंधाचं वर्णन नव्हतं. वॉलमार्टने ओळ बदलायला सांगितलं, तिने नकार दिला आणि तो आल्बम वॉलमार्टमध्ये आला नाही. दुकानाला आपली बदनामी नको असणं समजू शकतं. पण मुलांच्या भल्यासाठी उभारलेली चाळण इथे दुकानावरची टीका अडवायला वापरली गेली. एकदा कात्री हातात आली की ती फक्त शिव्यांपाशी थांबत नाही, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

आता प्रत्यक्ष कापतात कसं ते सांगते, कारण बहुतेक पालकांना वाटतं की टीव्हीवर येतो तसा 'पीं' आवाज घातला की झालं.

गायकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर असेल तर काम सरळ असतं. तो शब्द तेवढा गप्प करायचा, खाली ढोल आणि बास चालू राहतात. पण आवाजाला घुमारा दिलेला असेल तर त्या घुमाऱ्यातही शब्द शिल्लक राहतो, म्हणून काट घुमाऱ्याच्या आधी घालावी लागते. रॅपमध्ये मुख्य आवाजाच्या मागे त्याच ओळी दुसऱ्यांदा म्हटलेल्या असतात, बाजूला कोणी हुंकार देत असतं. पुढचा शब्द काढला आणि मागचा राहिला, तर हेडफोन लावणाऱ्या मुलाला सगळं ऐकू येतं. जुन्या कामांत वेगळे ट्रॅक हाती नसत. मग गाण्याच्या नुसत्या वाद्यांच्या आवृत्तीतून तेवढा तुकडा उचलून बरोब्बर त्या जागी बसवायचा, आणि टेप किंचित पुढे-मागे धावलेली असेल तर ठेका अडखळतो. रॅपमध्ये शब्द हाच ठेका असतो, त्यामुळे पूर्ण गप्प केलेली जागा खड्ड्यासारखी लागते. त्यावर उपाय म्हणून आम्ही फक्त मधला स्वर उलटा फिरवायचो आणि पुढचं-मागचं व्यंजन ठेवायचो. लय टिकते, शब्द कळत नाही.

खरं म्हणजे कळतो. पुढचं व्यंजन, मागचं व्यंजन आणि यमक एवढं हातात असताना बारा वर्षांच्या मुलाला मधला शब्द ओळखायला अर्धा क्षणही लागत नाही. ज्या शब्दाकडे त्याने कदाचित लक्षही दिलं नसतं, त्याच्याकडे ती रिकामी जागा बोट दाखवते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काय कापायचं हे कसं ठरायचं. माझ्याकडे दुकानाची यादी कधी आली नाही. यायचा तो कंपनीकडून, खुणा केलेला शब्दांचा कागद. दुकान नेमकं कशाला हरकत घेईल हे कोणालाच पक्कं माहीत नसल्यामुळे कंपनी भीतीपोटी जास्तीच्या खुणा करायची. शिव्या जायच्या, अंमली पदार्थांची नावं जायची, कधी बंदुकीचं नावही जायचं. आणि तरीही एखाद्या बाईला मारहाण करण्याचं, तिला विकत घेतल्याच्या फुशारकीचं अख्खं कडवं तसंच राहायचं, कारण त्यात एकही 'वाईट' शब्द नसायचा. ते कडवं 'क्लीन' म्हणून मंजूर होऊन दुकानात जायचं. उलट एखाद्या मुलाने भावाच्या मृत्यूवर लिहिलेल्या गाण्यात संतापाची एक शिवी असेल, तर त्यातला नेमका तोच क्षण उलटा फिरवायचा. हे काम करताना मला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल तर याचा. जबाबदार कलाकार अशा वेळी स्टुडिओत येऊन पर्यायी ओळी म्हणून द्यायचे. त्या आवृत्त्या खरोखर चांगल्या असत, कारण लिहिणाऱ्यानेच त्या लिहिलेल्या असत.

स्वच्छ आवृत्त्यांच्या बाबतीत एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. 'टू लाइव्ह क्रू' या मायामीच्या रॅप गटाने १९८९ मध्ये आपल्या अत्यंत अश्लील आल्बमबरोबर त्याची सभ्य आवृत्तीही काढली. त्या सभ्य आवृत्तीत रॉय ऑर्बिसनच्या 'ओह, प्रिटी वुमन'चं विडंबन होतं. त्यावर हक्कभंगाचा दावा झाला आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की व्यावसायिक विडंबनही 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय केलेला रास्त वापर, ठरू शकतं. अमेरिकेत आज विडंबन करणारे ज्या निकालाचा आधार घेतात, तो दुकानांसाठी केलेल्या आवृत्तीतून आला.

त्यांच्या मूळ आल्बमचं काय झालं त्यातून यातल्या आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं: सेन्सॉरशिप कशाला म्हणायचं? जून १९९० मध्ये फ्लोरिडातल्या फेडरल न्यायाधीशांनी तो आल्बम कायद्याने अश्लील ठरवला. दोनच दिवसांनी फोर्ट लॉडरडेलमधला कृष्णवर्णीय दुकानदार चार्ल्स फ्रीमन याला तो विकला म्हणून अटक झाली आणि पुढे ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. गाणारे मात्र वेगळ्या खटल्यात निर्दोष सुटले! १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने अश्लीलतेचा तो निर्णय रद्द केला. पोलीस येऊन दुकानदाराला बेड्या घालतात ती सेन्सॉरशिप, यात मला कसलीही शंका नाही. वॉलमार्ट ठेवत नाही ते तसं नाही. कोणी तुरुंगात जात नाही, दुसरा विकू शकतो. दोन्हींना एकच नाव देणारे फ्रीमनवर झालेला अन्याय हलका करतात, असं मला वाटतं. पण गावात दुसरं दुकानच नसेल, तर गिऱ्हाइकाच्या हाती उरतं ते सारखंच, हेही खरं आहे.

लोकांच्या संतापाचा जोर दुसऱ्या बाजूनेही तितकाच होता. १९९२ मध्ये रॅपर आइस-टीच्या 'बॉडी काउंट' गटाच्या 'कॉप किलर', म्हणजे 'पोलिसांना मारणारा', या गाण्यावरून तुमच्याच टेक्ससमधल्या पोलीस संघटनेने ते काढणाऱ्या टाइम वॉर्नर कंपनीच्या सगळ्या मालावर बहिष्काराची हाक दिली. अभिनेता चार्ल्टन हेस्टनने भागधारकांच्या सभेत त्या आल्बममधले शब्द मोठ्याने वाचून दाखवले. अनेक साखळी दुकानांनी तो काढून टाकला, आणि जुलैमध्ये आइस-टीने स्वतःच ते गाणं मागे घेतलं. मृत पोलिसांच्या घरच्यांचं दुःख खरं होतं. पोलिसांच्या मारहाणीवर त्या गाण्यातला रागही खरा होता. तो वाद त्या वेळी पूर्ण व्हायला हवा होता. गाणं बाजारातून गेलं आणि वादही अर्धवट राहिला.

सगळेच वाकले असं नाही. २००९ मध्ये वॉलमार्टने 'ग्रीन डे' या रॉक गटाकडे त्यांच्या '२१स्ट सेंचुरी ब्रेकडाउन' या आल्बमची कापलेली आवृत्ती मागितली, त्यांनी दिली नाही, आणि तो आल्बम वॉलमार्टशिवाय बिलबोर्ड मासिकाच्या सर्वाधिक खपाच्या यादीत पहिला आला. अर्थात तोवर 'ग्रीन डे' जगप्रसिद्ध होते आणि गाणी इंटरनेटवर विकली जात होती. नव्या, अनोळखी गटाला हा बाणेदारपणा परवडला नसता.

आता तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी प्रकरण. २००४ च्या डिसेंबरमध्ये मेरीलँडमधल्या एका कुटुंबाने वॉलमार्टवर दावा लावला. तेरा वर्षांच्या मुलीसाठी त्यांनी 'इव्हानेसन्स' या रॉक गटाची सीडी घेतली होती. इशाऱ्याची चौकट नव्हती, दुकान वॉलमार्ट, म्हणून निर्धास्त होते. गाडीत लावली आणि शिवी ऐकू आली. त्यांचं म्हणणं असं होतं की वॉलमार्टच्या संकेतस्थळावरच्या नमुन्यात तो शब्द गप्प केलेला होता, म्हणजे दुकानाला माहीत होतं. दाव्यातली कायद्याची बाजू बाजूला ठेवा. त्या आई-वडिलांनी तुम्ही करू पाहताय तेच केलं होतं: ऐकण्याचं काम दुकानावर सोपवलं होतं. आणि कंपनीने चौकट लावली नाही एवढ्यावरून सगळी साखळी कोलमडली.

दुकानांच्या दारावरचा पहाराही कधी घट्ट नव्हता. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २००० साली १३ ते १६ वर्षांच्या मुलांना एकटंच दुकानात पाठवून पाहिलं. इशारा छापलेल्या सीडी विकत घ्यायला १०० पैकी ८५ जणांना काही अडचण आली नाही. २०१३ पर्यंत तो आकडा ४७ वर आला, पण तोवर मुलं सीडी घेईनाशीच झाली होती.

आडवळणाने एक मराठी आठवण सांगते. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेसंगीत उथळ वाटे, आणि १९५२ नंतर आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते शास्त्रीय संगीताकडे वळले नाहीत. ते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाला'साठी. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचं शास्त्रीय संगीतावरचं प्रेम अस्सल होतं आणि त्यांनी त्या कलावंतांसाठी खूप केलं. पण एक दार बंद केल्याने आवड बदलत नाही.

तर तुम्ही काय करावं? फोनवरच्या सेवांमध्ये 'ई'ची, म्हणजे 'एक्सप्लिसिट'ची, खूण असलेली गाणी बंद करण्याची सोय आहे, ती चालू करा. लहान मुलासाठी तेवढं योग्यच आहे. पण ती खूण गाणं चढवणारी कंपनी लावते, कोणी तटस्थ परीक्षक नाही. हिंदी, पंजाबी, मराठी गाण्यांवर ती अनेकदा लावलेलीच नसते, तेव्हा खूण नाही म्हणजे गाणं निर्मळ असं धरू नका. कापलेली आवृत्ती घेतलीत तर ती कापलेली आहे हे मुलाला सांगा.

आणि त्याच्या आवडीच्या तीन गाण्यांचे शब्द त्याच्याबरोबर बसून वाचा. १९८५ मध्ये वेष्टनावर छापा म्हणून मागितलेले शब्द आज बहुतेक ॲपमध्ये गाण्याबरोबर सरकत असतात. वाचताना शिव्या मोजू नका. हा माणूस कोणावर रागावलाय, का रागावलाय, यातल्या मुलीशी तो कसा वागतो, हे विचारा. एखाद्या गाण्याबद्दल तुमचं ठाम 'नाही' असेल तर कारणासकट सांगा, आणि ते कारण एका शब्दापेक्षा मोठं असू द्या. एखादं गाणं तुम्हालाही पटेल, आणि त्यात शिवी असेल. तेव्हा तेही त्याला सांगा.